आखणीवाल्या मामासोबत भाऊ दाजी लाड म्युझियम

राणीच्या बागेत लहानपणी किती वेळा गेले असेन त्याची गणतीच नाही. गावचे पाहुणे आले की राणीची बाग, सुट्टी लागली की राणीची बाग, माकडं बघायची, पाणघोडा वर येतो का म्हणून ताटकळत उभं राहायचं आणि मग घरी. गेटाजवळची ती म्युझियमची इमारत मात्र आमच्यासाठी फक्त हरवलं तर कुठे भेटायचं याची खूण होती. आत मी पहिल्यांदा गेले ती नोकरी लागल्यावर, आणि तेव्हापासून मनात होतं की एकदा मामाला इथे आणायचं.

माझा मामा लालबागला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. तीस वर्षांच्या वर झाली त्याला हे काम करताना. जूनमध्ये काम अंगावर यायच्या आत एका रविवारी त्याला घेऊन गेले. (बुधवारी जाऊ नका, बंद असतं.)

आत जायच्या आधी बाहेरच अर्धा तास गेला, त्या दगडी हत्तीपाशी. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. बेटावर उतरायच्या जागेजवळ उभा होता, पोर्तुगीजांनी तो बघितला आणि बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. अख्खं जग त्या बेटाला ज्याच्या नावाने ओळखतं तो हत्ती बेटावर नाहीच, भायखळ्याला आहे! जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की त्याच्या पाठीवर अजून एक छोटं जनावर कोरलेलं होतं, कोणाला ते पिल्लू वाटलं, कोणाला वाघ. 1814 मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. मग 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेनच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मग या बागेत आणले आणि 1914 मध्ये जोडून हत्ती परत उभा केला.

मी हे सगळं सांगत होते पण मामाचं लक्ष सांध्यांकडे. तो म्हणाला, "मोठी मूर्ती तुटली ना, की आधी पाय बघायचे. वजन खाली कुठून उतरतंय ते. तोंड काय, नंतर पण होतं." मग मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं आणि म्हणाला, "सांधे लपवले नाहीत ते बरं केलं, काय झालंय ते कळतं तरी." मी इतक्या वेळा या हत्तीसमोर उभी राहिले असेन पण त्याच्या पायांकडे कधी बघितलंच नव्हतं.

बागेच्या आवारात खरा काळा घोडा पण आहे. सातवा एडवर्ड प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा त्याचा घोड्यावरचा पुतळा, अल्बर्ट ससूनने 1879 मध्ये शहराला दिलेला. 1965 मध्ये तो फोर्टातून हलवला, तरी लोक त्या चौकाला काळा घोडाच म्हणत राहिले, आणि 2017 मध्ये तिथे नवीन घोडा बसवला तो स्वाराशिवाय. मामाला घोड्याचे पुढचे पाय आवडले, स्वाराकडे त्याने बघितलं पण नाही.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते, ते ओतीव लोखंडाचे खांब, कठडे, छतावरची सोनेरी नक्षी, आणि मधोमध प्रिन्स अल्बर्टचा पांढरा पुतळा. 2 मे 1872 ला हे लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. 1975 मध्ये डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं आणि ते अगदी योग्य झालं असं मला मनापासून वाटतं. गोव्यातल्या मांद्र्याहून आलेला मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारा, अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा, दोनदा मुंबईचा शेरीफ, आणि नाना शंकरशेटांसोबत या म्युझियमसाठी पैसे उभे करणाऱ्यांत होता. 1874 मध्ये गेले, म्हणजे हे उघडलेलं त्यांना जेमतेम दोन वर्षं बघायला मिळालं.

त्यांचं अजिंठा डोक्यात ठेवून खालची मातीची भांडी बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी 1870 च्या दशकात मातीकामाचा विभाग चालवला, आणि त्याच काळात तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. ती चित्रं मग या फुलदाण्यांवर, थाळ्यांवर आली. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळल्या, आणि इथे मुंबईत झिलई दिलेल्या भांड्यावर अजिंठ्याची बाई अजून तशीच बसलीय.

मग वर. खरं तर मला त्याला इथेच आणायचं होतं. वरच्या मजल्यावर मुंबईच्या माणसांची मातीची मॉडेल आहेत, वेगवेगळ्या जातीजमातींची, कामधंद्यांची माणसं, आणि नुसती डोकी, प्रत्येकाचं पागोटं वेगळं. पारशांच्या दोखम्याचं (मृतदेह ठेवायच्या जागेचं) मॉडेल, खेडेगाव, खेळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स हे जे. जे.चे प्रिन्सिपल आणि इथले क्युरेटर पण होते, तेव्हापासून अशी मॉडेल लोकांना शिकवायला म्हणून करून घेतली जायला लागली. साहेबाच्या नजरेतून हे 'नमुने' होते, इथले लोक असे दिसतात, असं नेसतात. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ते खटकलं होतं, आपली माणसं अशी काचेत मांडलेली, पाटी लावून.

मामा पागोट्यांच्या कपाटापाशी थांबला तो थांबलाच. मला वाटलं पागोटी बघतोय. तर नाही, डोळे. एकेका डोक्यासमोर वाकून बघत होता, चष्मा वर करून, परत खाली करून. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे बघ, पापणीची रेघ एका झटक्यात ओढलीय. इथे हात थांबला नाही. आणि या शेजारच्याची वेगळी, हा दुसऱ्या कोणाचा हात." मग मला त्याने दाखवलं, बुबुळ पापणीच्या किती खाली ठेवलंय, त्याने माणूस समोर बघतो की लांब बघतो ते कसं ठरतं. "गणपतीची नजर खाली ठेवतो आपण, दर्शन घेणाऱ्याकडे. हे सगळे सरळ बघतायत. बघ ना, हा कंटाळलाय बसून बसून."

आणि खरंच तो कंटाळलेला दिसत होता! कोणीतरी खरा माणूस समोर बसवून केला असेल असं एकदम वाटून गेलं, तासभर तसंच बस म्हणून सांगितलं असेल, आणि करणाऱ्याने त्याचा कंटाळा पण मातीत उतरवला. मग मला ते नमुने वाटेनात. बसणारा पण इथलाच आणि करणारा पण इथलाच, साहेबाने ऑर्डर काय दिली होती ते दिली होती, पण त्या दोघांमध्ये जे झालं ते साहेबाला कुठे दिसणार होतं.

करवून घेणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, बर्न्स, टेरी, ग्रिफिथ्स. रेघ ओढणाऱ्यांची त्या काळी कोण लिहून ठेवणार? मी हे बोलले तर मामा म्हणाला, "आमची तरी कुठे असतात गं. मूर्तीखाली कारखान्याचं नाव जातं. पण मी काढलेले डोळे मला मंडपात लांबून पण ओळखू येतात." हे त्याने अगदी सहज सांगितलं आणि मला काही बोलायलाच सुचेना. लहानपणापासून त्याच्यासोबत गणपती बघत फिरलेय, एकदाही विचारलं नव्हतं की यातले तुझे कुठले.

निघताना परत हत्तीपाशी थांबलो. मामाला आता हा हत्ती उभा होता ती जागा बघायची आहे, पाठीवर पिल्लू होतं की वाघ ते पण त्याला पडलंय. पण आता पावसाळा, होड्यांचा भरवसा नाही आणि त्याचे हात सप्टेंबरपर्यंत मोकळे नाहीत. दसरा झाला की गेटवेहून घारापुरी, हे पक्कं ठरलंय. त्याआधी या गणपतीत मी त्याच्यासोबत मंडपं फिरणार आहे आणि डोळे ओळखायला शिकणार आहे.