पावसाळ्यातला आजारी फायटर मासा आणि बेळगावचे पाणी

बेळगावात एकदा पावसाची झड लागली की घरातल्या उघड्या भांड्यातले पाणी दिवसाही गारच राहते, आणि फायटर मासा आजारी पडल्याचे फोन मला नेमके याच दिवसांत येतात. फायटर म्हणजेच बेट्टा हा मूळचा थायलंडकडच्या उथळ, उबदार पाणथळींतला मासा असून त्याला 25 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर असल्याने पावसाळ्यात आणि पौष-माघाच्या थंडीत घरातले पाणी त्याहून बरेच खाली उतरते. भारतात माशांना हीटर लागत नाही, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मुंबई-चेन्नईत चालत असेल, पण बेळगाव-खानापूरसाठी तो चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंदा टिळकवाडीत आमच्या शेजारच्या घरातला निळा फायटर असाच आजारी पडला. शेपटीच्या पराची कड काळपट पडून तिचे धागे सुटले होते आणि पर अंगाशी मिटून तो काचेच्या गोल भांड्याच्या तळाशी पडून असायचा, केवळ श्वासापुरता वर यायचा. कल्ल्यांच्या जोडीला असलेल्या एका खास इंद्रियामुळे बेट्टा पृष्ठभागावरची हवा थेट घेऊ शकतो. त्यामुळे तो लहान भांड्यात तग धरतो आणि माणसांचा समज होतो की त्याला तेवढी जागा पुरते. “ताई, कुठलं औषध आणू?” असे शेजारच्या वहिनींनी विचारले. “औषध राहू दे वहिनी, आधी पाणी तपासू या,” असे मी म्हणाले.

तपासणीच्या नळीतले पाणी हिरवे झाले, म्हणजे अमोनिया होता. माशाची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया सुटतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, परंतु ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि फिल्टर नसलेल्या भांड्यात ती नीट उभीच राहत नाही. अमोनियाने त्वचा व कल्ले पोळतात, गारठ्याने प्रतिकारशक्ती मंदावते आणि एरवी पाण्यात असणारेच एरोमोनास, सुडोमोनास यांसारखे जिवाणू पर कुरतडू लागतात.

म्हणून माशाला 20 लिटरच्या झाकणाच्या टाकीत हलवले, मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर लावला आणि थर्मोस्टॅट असलेल्या 25 वॅटच्या हीटरने तापमान एकदम न चढवता हळूहळू 26 अंशांवर आणले. झाकण महत्त्वाचे, कारण पृष्ठभागावरची हवाही उबदार आणि दमट राहावी लागते. रोज पाव हिस्सा पाणी बदलायचे ठरले. राकसकोप आणि हिडकलहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा ते बादलीत दिवसभर उघडे ठेवावे किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. ज्या भागांत रोज पाणी येत नाही, तिथे माशाची बादली आधीच भरून ठेवणे शहाणपणाचे. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट करून घातले पाहिजे.

त्यानंतर मीठ. साधे जाडे मीठ, चार लिटरला एक सपाट लहान चमचा, वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभरात थोडे थोडे घालावे आणि दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो: वाफ होऊन उडालेल्या पाण्याबरोबर मीठ जात नाही, म्हणून घटलेली पातळी साध्या पाण्यानेच भरायची, आणि जेवढे पाणी काढून बदलले तेवढ्यापुरतेच मीठ नव्याने घालायचे.

देशी बदामाची झाडे आपल्याकडे कितीतरी कंपाउंडांत आहेत. त्याची आपोआप गळलेली, वाळून तपकिरी झालेली पाने धुऊन टाकीत ठेवली की पाणी चहाच्या रंगाचे होते आणि त्यातले टॅनिन जिवाणू-बुरशीला थोडाफार आळा घालते. फवारणी झालेल्या झाडाची पाने मात्र घेऊ नयेत.

दुकानात प्रत्येक आजारावर मेथिलीन ब्लूची बाटली पुढे केली जाते. बुरशीवर तिचा उपयोग आहे, पण ती फिल्टरमधले उपकारक जिवाणूही मारते, म्हणून वापरायचीच तर वेगळ्या भांड्यात वापरावी. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकणे तर मला मुळीच पटत नाही. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून निकामी करतात. कुज पराच्या मुळापर्यंत पोहोचू लागली, तरच जाणकाराला विचारून प्रतिजैविक द्यावे. पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर आजार आतल्या अवयवांपर्यंत गेलेला असतो आणि तेव्हा मासा बहुधा वाचत नाही, हे घरच्या मुलांना आधीच सांगितलेले बरे.

वहिनींच्या माशाच्या फाटक्या कडेला आता काचेसारखा पारदर्शक पातळ पापुद्रा दिसू लागला आहे. तोच नवा पर होय, आणि कुजलेली कड समजून त्याला घाबरू नये. त्याचा रंग पुढे पूर्वीसारखा गडद येईलच असे नाही. मासा दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे खातो. मीठ पाणी बदलत बदलत उतरवले आहे, आणि हीटर फाल्गुनापर्यंत काढायचा नाही, असे वहिनींच्या मुलाने टाकीवर कागद चिकटवून लिहून ठेवले आहे.