दगड आपला, होडी कुणाचीच नाही: ‘इम्होटेप’चे २३ डाव

काल रात्री वहीत ‘इम्होटेप’ या पटावरच्या खेळाचा तेविसावा डाव लिहिला. वही म्हणजे लेकीच्या जुन्या चौकटी वहीची उरलेली पानं. दिवाळीच्या सुट्टीपासून आम्ही चौघं दर रविवारी जेवणं आटोपली की बसतो. आतापर्यंतचा हिशेब असा: सासूबाई ९, लेक ६, नवरा ५, मी ३. खोका मीच विकत आणला होता, हे इथं नमूद करून ठेवते.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिल वॉकर-हार्डिंग या ऑस्ट्रेलियन डिझायनरचा हा खेळ ‘कॉसमॉस’ या जर्मन कंपनीनं २०१६ साली काढला. त्या वर्षी ‘श्पील डेस यारेस’ या जर्मनीतल्या ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ पुरस्कारासाठी त्याला नामांकन होतं, बक्षीस ‘कोडनेम्स’ या खेळानं नेलं. सहा फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत चार होड्या लागतात. आपल्या पाळीला चारपैकी एकच काम करायचं: खाणीतून तीन दगड उचलायचे, एक दगड होडीत ठेवायचा, एक होडी सोडायची, नाहीतर हातातलं निळं कार्ड खेळायचं. होडी बाजार, पिरॅमिड, मंदिर, दफनकक्ष आणि ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) या पाच ठिकाणांपैकी कुठंही लावता येते, पण एका ठिकाणी फेरीत एकच. सगळी मेख होडी सोडण्याच्या कामात आहे. होडीत ठरलेले किमान दगड पडले की ती कुणीही सोडू शकतं. त्यात त्याचा एकही दगड नसला तरीही.

डाव १ ते ४

माझे चारही डाव साठेबाजीत गेले. उचललेले दगड ठेवायच्या आपल्या पाटीवर, म्हणजे स्लेजवर, पाचच दगड मावतात, आणि ते पाच भरलेले दिसले की मला किराणा भरल्यावर वाटतं तसं निवांत वाटायचं. मी दगड उचलत बसायची, तोवर चारही होड्या निघून गेलेल्या. पहिल्या डावात माझे १९ गुण झाले आणि शेवटी स्लेजवर चार दगड तसेच पडून होते. त्यांचं काहीही मिळत नाही.

डाव ५

हा डाव मी विसरणार नाही. शेवटची फेरी. माझा ओबेलिस्क पाच दगडांचा, सासूबाईंचा सातांचा. चौघांच्या डावात सगळ्यात उंच ओबेलिस्कला १५, मग १०, ५ आणि १. चार जागांची होडी समोर होती, तिला किमान तीन दगड लागतात. तीन पाळ्या खर्चून मी माझे तीन करडे दगड एकापाठोपाठ एक तिच्यात मांडले. पाचात तीन मिळवले की आठ, म्हणजे पुढच्या पाळीला होडी सोडली की १५ गुण माझे.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला, होडीच्या टोकावर बोट ठेवलं आणि ती अगदी सावकाश पिरॅमिडच्या धक्क्याला नेऊन लावली. पिरॅमिड कधीच भरलेला होता. खाली नऊ, त्यावर चार, माथ्यावर एक, असे चौदा दगड झाले की पुढच्या प्रत्येक दगडाला एकेक गुण. मला तीन मिळाले.

“आई, तुमचा तर त्यात एकही दगड नव्हता!”

“नव्हताच. अगं, हा झब्बू आहे, झब्बू. एवढं कळलं नाही तुला?”

त्या दिवसापर्यंत मी हा खेळ बांधकामाचा समजत होते. सासूबाईंनी मात्र तो पहिल्यापासून पत्त्यांच्या अंगानं वाचला होता. समोरच्याला काय हवंय ते आधी मोजायचं, आपल्याला काय हवंय ते मागाहून. शिवाय तो झब्बू नुसता खोडसाळपणाही नव्हता. रात्री बसून आकडे मांडले. मला १५ च्या जागी १० अधिक ३ मिळाले, म्हणजे दोनच गुण गेले. त्यांचे मात्र १० चे १५ झाले. एका पाळीत सात गुणांचा फरक.

डाव ६ ते १०

आता मी एकटीनं होडी भरत नाही. ज्या होडीत आणखी कुणाचा दगड असेल, आणि त्या माणसाला तिथंच जायचं असेल जिथं मला जायचंय, अशीच होडी बघते. दोघांचा स्वार्थ असला की होडी बहुधा नीट पोचते. आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली: किमान पुरा करणारा दगड शक्यतो आपण ठेवू नये. तो ठेवला की होडी सुटायला मोकळी होते आणि पाळी पुढच्याच्या हातात जाते. अपवाद शिडाच्या निळ्या कार्डाचा. त्यात एकाच पाळीला दगड ठेवून होडी सोडता येते. माझ्या मते बाजारातलं सगळ्यात मोलाचं कार्ड तेच. नवऱ्याला बाजारातली पुतळ्यांची कार्डं प्रिय आहेत (१, ३, ६, १०, १५ असे चढते गुण), पण त्याला तिसरा पुतळा मिळाला की तिघं मिळून त्याचा बाजार बंद करतो, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

नवव्या डावात लेकीनं दफनकक्षात सहा दगड सलग जोडले. पाचांचे १५ अधिक सहाव्याचे २, सतरा. तिथं दगड वरून खाली तीन-तीनच्या रांगेत बसत जातात, त्यामुळं होडीत आपला दगड पुढून कितवा आहे याला महत्त्व येतं. ती वहीच्या चौकटीत आधी पेन्सिलनं रंगवून बघत होती. बारा वर्षांच्या मुलीला हे सुचतं आणि मला सुचत नाही.

डाव ११ : दोन अपघात

एक, नवऱ्याचं कोपर लागून ओबेलिस्क कोसळले. कुणाचे सात होते आणि कुणाचे आठ यावर जी चर्चा झाली ती इथं देत नाही. आता दर फेरीला उंची वहीत लिहितो.

दुसरा अपघात माझा. खोक्यातल्या पिशव्या फाटल्या म्हणून दगडांसाठी जुना मिसळणाचा डबा काढला. चार वाट्यांत चार रंग, प्रत्येकी तीस, अगदी मापात. डबा घासूनपुसून घेतला होता, तरी पांढऱ्या दगडांपैकी पाच-सहांना हळदीची झाक आली. लिंबू लावून बघितलं, जात नाही. लेक त्यांना ‘सोन्याचे’ म्हणते आणि पांढरा रंग आता तिचाच. हळदीची वाटी कोणती होती तेवढं आधी आठवा, ही माझ्याकडून सूचना.

डाव १४ च्या आसपास

मध्ये एक आठवडा डाव झाला नाही, त्या वेळात वाचन झालं. २०१३ साली इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथं पिअर ताले या फ्रेंच संशोधकाच्या चमूला लिखाण असलेले पपायरस (प्राचीन इजिप्तचा कागद) सापडले. लेखन असलेले याहून जुने पपायरस आजवर मिळालेले नाहीत. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांची त्याची तुकडी, खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत चढवायचे, नाईल आणि कालव्यातून गिझाला पोचवायचे, रिकामं परत यायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज दगड भरला, आज तुऱ्याहून निघालो, रात्र अमुक ठिकाणी काढली, अशा नोंदी. म्हणजे आमच्या वहीसारखीच, फक्त गुणांचा रकाना नाही.

जेवताना हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “त्या मेररची होडी कुणी मध्येच दुसऱ्या घाटाला लावत नसेल. म्हणून उभा राहिला तो पिरॅमिड.”

खरा इम्होटेप मात्र खुफूच्या आधीचा, तिसऱ्या राजवंशातल्या जोसेर राजाच्या पदरचा. सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्या नावावर सांगतात. सहा पायऱ्या, उंची साठ मीटरहून थोडी जास्त. पुढं इजिप्तच्या लोकांनी त्याला देव केला आणि ग्रीकांनी त्याच्यात आपला वैद्यदेव अस्क्लेपियस पाहिला. आपल्या पटावरचा नऊ-चार-एक असा पिरॅमिडही पायऱ्यांचाच होतो, ते बरं जमलंय. ओबेलिस्क मात्र त्याच्या नावावर खपवायला नकोत. नावाजलेले उंच ओबेलिस्क हजारेक वर्षांनंतरचे. आस्वानच्या खाणीत एक अर्धवट सोडलेला आहे, सुमारे ४२ मीटरचा. पुरा झाला असता तर हजार टनांच्या वर भरला असता. कोरता कोरता दगडाला तडा गेला आणि काम तिथंच थांबलं. कोपर लागलं तेव्हा नवऱ्याला हेच सांगून समजूत घातली.

दोघांचे तीन डावही खेळून पाहिले (वहीत धरलेले नाहीत). दोघांत होडी वाटून घ्यायला तिसरा कुणी नसतो, त्यामुळं मजा निम्मी. चौघांतच खेळा, फार तर तिघांत.

डाव २३

शेवटची फेरी, दोन होड्या धक्क्याला. तीन जागांच्या होडीत सासूबाईंचे दोन काळे दगड. ती दफनकक्षाला लागली असती तर त्यांचे दोन आणि एक असे तुटलेले दगड जोडून पाच सलग झाले असते. चार गुणांचे पंधरा. ते मला दिसलं, आणि आधी दिसलं याचाच मला इतका आनंद झाला की मी होडी उचलून मंदिराला लावली. तिथं त्यांना दोनच गुण मिळाले.

“झब्बू,” मी म्हटलं. पाचव्या डावापासून हा शब्द तोंडात धरून बसले होते.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. लेकीनं उरलेल्या होडीत तिचा हळदीचा दगड ठेवला, नवऱ्यानं दगड उचलण्यात पाळी घालवली, सासूबाईंनी ती होडी ओबेलिस्कला सोडली. त्या होडीत माझा दगड नव्हता, कारण तो ठेवायची पाळी मी झब्बूत घालवली होती. लेकीचा ओबेलिस्क माझ्यापेक्षा एका दगडानं उंच झाला. तिला १०, मला ५.

लेक ४४, सासूबाई ४१, मी ३८, नवरा ३३.

सासूबाईंचे नऊ गुण मी पाडले, पण ते लेकीच्या कामी आले. दगड ठेवला असता तर सासूबाई जिंकल्या असत्या, पण मी ४३ वर दुसरी आले असते.

पटांची मागची बाजू, ‘ब’ बाजू, अजून उघडलेली नाही. लेक रोज विचारते. सासूबाईंनी मिसळणाच्या डब्याचं झाकण लावता लावता माझ्याकडं बघून सांगितलं, “आधी हिला ही बाजू येऊ दे.”