दिसण्यासाठी मोजलेले पैसे

माझ्या मुलाने गेल्या महिन्यात ऑनलाइन व्हिडिओ गेममधल्या आपल्या पात्रासाठी नवा पोशाख विकत घेतला, तेव्हा ‘याने तू जास्त चांगला खेळशील का?’ असे मी विचारले आणि उत्तर सरळ ‘नाही’ असे आले. मुले ज्यांना ‘स्किन’ म्हणतात ते हे पोशाख बहुधा केवळ दिसण्यासाठी असतात. तरीही हा खर्च मला निव्वळ मूर्खपणा वाटत नाही, कारण जिथे सगळे मित्र रोज भेटतात तिथे फुकटच्या पोशाखात वावरणे म्हणजे काय, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळते. (नव्या बुटांवरून आम्ही तरी शाळेत काय कमी मिरवत होतो!)

माझा आक्षेप विक्रीच्या पद्धतीला आहे. पैशांचे आधी खेळातल्या चलनात रूपांतर होते, तेही ठरावीक गठ्ठ्यांत, त्यामुळे खरेदीनंतर थोडे चलन उरते आणि ते पुढच्या खरेदीची ओढ लावते. शिवाय दुकानातला माल सतत बदलत असल्याने ‘आज नाही तर कधीच नाही’ अशी घाई होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचे हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ‘फोर्टनाइट’ या गेमच्या निर्मात्या एपिक गेम्स कंपनीशी झालेली तडजोड जाहीर केली, तीत नकळत घडणाऱ्या खरेदीपोटी ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर ठरले. पालकांच्या संमतीशिवाय मुलांनी केलेली खरेदीही कमिशनने कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत होती.

आमचे कार्ड आता त्याच्या खात्याला जोडलेले नाही. महिन्याला ठरलेल्या रकमेचे गिफ्ट कार्ड त्याला मिळते आणि ते कशावर घालवायचे हे तोच ठरवतो, मग तो पोशाख मला कितीही भडक वाटो.