तालिन एका दिवसात उरकू नका

फिनलंडमधल्या हेलसिंकीला आलेला माणूस एस्टोनियाची राजधानी तालिन उरकून टाकतो. सकाळची फेरीबोट, दोन तासांत समुद्र पार, जुन्या शहरात फोटो, रात्री परत. माझा आणि आईचा बेतही तोच होता. ऐनवेळी तो मोडला आणि एस्टोनियात पाच दिवस राहिलो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. फक्त ज्या देशात जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच्याकडे करायचा.

जुनं शहर देखणं आहे, त्यात वाद नाही. पण ते बांधलं कोणी? 1219 मध्ये डेन्मार्कच्या राजाने इथली टेकडी घेतली, खालचं शहर जर्मन व्यापाऱ्यांनी वाढवलं, मग स्वीडन आला, मग रशियाचा झार. 'तालिन' म्हणजे 'डेन लोकांचं शहर', असा अर्थ लावतात. खुद्द एस्टोनियन माणूस शतकानुशतकं बहुतेक गावाकडे, जमीनदाराच्या शेतात राबत होता. त्यामुळे तटबंदी बघून हा देश कळला असं समजू नका.

तो गाण्याच्या मैदानात थोडाफार कळतो. बसने गेलं की गवताचा मोठा उतार आणि खाली भलीमोठी कमान दिसते. आम्ही गेलो तेव्हा एक बाई कुत्रा फिरवत होती, बाकी शुकशुकाट. 1869 मध्ये तार्तू या एस्टोनियातल्याच दुसऱ्या शहरात पहिला गीतमहोत्सव झाला. आता साधारण दर पाच वर्षांनी हजारो लोक तालिनच्या या मैदानात एकत्र गातात. सोव्हिएत राजवटीच्या शेवटी लोक याच मैदानात बंदी असलेली गाणी गायले. 23 ऑगस्ट 1989 ला तर तालिन ते लिथुआनियाची राजधानी विल्नियस, सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी झाली; एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांतले सुमारे 20 लाख लोक हात धरून उभे होते. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1991 मध्ये, एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. लोकसंख्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी! भाषा रशियन किंवा जर्मनच्या कुळातली नाही, फिनिशची बहीण. विभक्त्या चौदा. आठांनीच शाळेत घाम फोडला होता, ते आठवलं.

सगळ्यात उंच डोंगर 318 मीटर, म्हणजे पुण्याची जमीनसुद्धा याहून उंच. सपाटीमुळे पाणी साचून राहतं आणि दलदली होतात. त्यातली विरू दलदल लाहेमा राष्ट्रीय उद्यानात, तालिनहून साधारण पन्नास किलोमीटरवर. फळ्यांची वाट आहे, दोन्ही बाजूंना शेवाळ, खुरटे पाइन आणि चहासारखं तपकिरी पाणी. आईने काठी टेकवली तर ती हातभर आत गेली. फळीवरून पाय खाली टाकू नका.

इथेच आमची फजिती झाली. 23 आणि 24 जून या त्यांच्या सलग सुट्ट्या. सगळं शहर शेकोट्या पेटवायला गावाकडे जातं. आम्ही रोजचं वेळापत्रक बघून गेलो आणि परतीची बस नव्हतीच. दोन तास थांब्यावर बसलो. उजेड रात्री अकरापर्यंत होता म्हणून निभावलं. त्या दोन दिवसांत जाणार असाल तर सुट्टीचं वेळापत्रक बघा आणि किराणा आदल्या दिवशी भरा.

रशियाच्या सीमेवरच्या नार्वाला वेळ असेल तरच जा. नदीच्या अलीकडे एक किल्ला, पलीकडे रशियाचा दुसरा, एकमेकांकडे बघत उभे. गावात बहुतेक सगळे रशियन बोलतात.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. राईचा काळा पाव, बटाटे, मशरूम सगळीकडे. दुकानाच्या फ्रिजमध्ये 'कोहुके' शोधा: गोड चक्का, वर चॉकलेटचं कवच. आणि 'कामा'. भाजलेल्या सातू, राई, ओट आणि वाटाण्याचं पीठ, ताकात कालवून खातात. आईने चमचाभर तोंडात टाकलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं सातूचं पीठ!" दोन पाकिटं घेतली. ती मोठ्या बॅगेत टाका. आमची हातातल्या पिशवीत होती, आणि विमानतळावर तपासणीवाल्याला तपकिरी पिठाची पुडी समजावण्यात वीस मिनिटं गेली.