बँडसॉ ९ इंची की १२ इंची?

आज अख्खी दुपार कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची लाकूड कापायची करवत, बघण्यात गेली. ९ नि १२ इंची हे तिच्या चाकाचं माप. मोटर किती एचपीची ते सगळेच सांगतात. मी मात्र टेबलापासून वरच्या गाईडपर्यंतची (पातं सरळ धरणारा भाग) उंची टेप लावून मोजली. ९ इंचीत जेमतेम साडेतीन इंच! बाभळीचा ओंडका उभा चिरून फळ्या काढायच्या तर खरी कामाची हीच उंची. १२ इंचीत ती सहाच्या आसपास मिळते.

दुकानातले काका लई भला माणूस. चाक हातानं फिरवून पातं चाकावरच्या रबरी टायरच्या मधोमध कसं धावतं ते दाखवलं. "फळ्या काढायला रुंद पातं घे पोरा, इंचाला ३-४ दात. भुसा अडकत नाही," म्हणाले. वळणांच्या कामाला ६ मिमीचं वेगळं.

१२ इंचीवरच मन बसलंय. दिवाळीपर्यंत पैसे जमवून घेणारच!