तुम्ही विचारलंत म्हणून : लॅपटॉप कोणता घ्यायचा?

जून उजाडला की कॉलेजच्या व्हरांड्यात पालक गाठतात. "मॅडम, मुलाला कॉम्प्युटरला घातलंय, लॅपटॉप कोणता घेऊ?" पहिल्या सहामाहीला जाडजूड वही पुरे, असं मी म्हणते. मी प्रश्न टाळतेय असंच बहुतेकांना वाटतं. एका वडिलांनी तर विचारलंच, "तुम्ही नक्की कॉम्प्युटरच शिकवता ना?"

तेच शिकवते. आणि वहीचा हट्ट एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांमुळे.

डाइक्स्ट्रा मूळचे रॉटरडॅमचे, जन्म 1930चा. लायडनला भौतिकशास्त्र शिकता शिकता अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. 1956 साली तिथल्या आर्मॅक या नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक करायचं होतं आणि बघणाऱ्या सामान्य माणसालाही कळेल असं गणित हवं होतं. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायची सगळ्यात जवळची वाट कोणती? होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेबाहेर कॉफी घेत बसले आणि वीसेक मिनिटांत उत्तर सुचलं. जवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. म्हणूनच रीत इतकी सुटसुटीत झाली, असं पुढे ते स्वतःच सांगत.

रीत अशी. निघायच्या गावापासून सगळ्यात जवळचं गाव घ्या. त्याचं अंतर आता कायमचं ठरलं, कारण दुसऱ्या कुठल्याही वाटेनं तिथं जायचं तर आधी निदान तितक्याच लांबच्या गावाला जावं लागणार, आणि रस्त्याची लांबी काही उणे नसते. मग या गावातून पुढे गेल्यास इतर गावं जवळ पडतात का ते बघा आणि उरलेल्यांतलं सगळ्यात जवळचं घ्या. असंच पुढे. हे फळ्यावर सहा गावं काढून करून घेतलं की वर्गात एक क्षण येतो, 'अरे, एवढंच?' तेवढ्यासाठी मी शिकवते म्हणा ना. प्रात्यक्षिकाच्या नकाशात 64 शहरं होती, कारण तेवढ्यांना क्रमांक द्यायला 6 बिट, म्हणजे 0 किंवा 1 असे सहा अंक, पुरतात. लेख छापून आला 1959 मध्ये, अवघा तीन पानांचा. इंटरनेटवर माहिती पुढे धाडणारी यंत्रं, म्हणजे राउटर, त्यांतले कित्येक आजही याच रीतीनं वाट काढतात.

1957 साली लग्नाच्या अर्जावर व्यवसाय म्हणून त्यांनी 'प्रोग्रामर' लिहिलं, तर अ‍ॅमस्टरडॅम पालिकेनं ते मान्यच केलं नाही. असा धंदाच नसतो म्हणे! शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' लिहावं लागलं. आमच्याकडच्या स्थळांच्या याद्या पाहिल्या असत्या तर काय म्हणाले असते कोण जाणे.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये म्हणून सेमाफोर ही सिग्नलसारखी युक्ती, प्रोग्रामला मधेच दुसरीकडे उडी मारायला लावणाऱ्या 'गोटू' या आज्ञेविरुद्धचं 1968चं गाजलेलं पत्र, 1972चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान. मला मोह पडतो तो त्यांच्या टिपणांचा. तेराशेच्या वर टिपणं, बरीचशी फाउंटन पेननं, वळणदार अक्षरात लिहिलेली. त्यांच्या झेरॉक्स प्रती मित्रांना जायच्या, मित्र पुढे आपल्या मित्रांना देत. प्रोग्राम आधी डोक्यात आणि कागदावर बरोबर आहे हे सिद्ध करायचं, यंत्राला नंतर द्यायचं, हा त्यांचा बाणा. चाचणीनं चुका आहेत एवढंच कळतं, चुका नाहीत हे कधीच कळत नाही, हे त्यांचं म्हणणं माझ्या मुलांना सबमिशनच्या आदल्या रात्री पटतं.

सगळंच मला पटतं असं नाही. बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा आधी शिकलेल्या विद्यार्थ्याला चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळजवळ अशक्य, असं त्यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलंय. मी बेसिकवरच शिकले. आमची अख्खी पिढी त्यावरच शिकली, आणि तिच्यातले पुष्कळजण आज उत्तम प्रोग्राम लिहितात. फटकळपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, एवढंच म्हणते.

आणि हो, उतारवयात त्यांनीही मॅक, म्हणजे अ‍ॅपलचा कॉम्प्युटर, घेतला होता. ईमेल आणि ब्राउझिंगपुरता.