पिठाची फळी, भाग ४: तुटला एकदाचा स्लॅब!

हिमस्खलन कसं सुटतं ते घरात बघायला मी फळी तिरकी उचलत नेतो: साखर म्हणजे बर्फातला कमजोर थर (वीक लेयर), वरचं पीठ म्हणजे त्यावरचा बर्फ, आणि तो पत्र्यासारखा एकसंध सुटला की स्लॅब. रविवारी रात्री पावणेअकराला फळीवर भेग पळाली. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, डोळ्याचं पातं लवायच्या आत. खालचा मैदा एकसंध घसरून परातीत, आणि वर सुरीनं कापल्यासारखी सरळ कड. कोन ३७ अंश. मी ओरडलो, "स्लॅब तुटला!" तर आई आतून धावत आली, "आपला का शेजारच्यांचा?"

आता कबुली. मागच्या वेळी साखरेवर ज्वारीचं पीठ हा नुस्खा मी ठामपणे लिहिला होता. तो विसरा. आमच्या गिरणीतलं पीठ जाडसर, कितीही थापटा, कणाला कण धरत नाही. बोट लावलं की एका ठिपक्यातून सुटतं आणि खाली पसरत जातं. म्हणजे पॉइंट रिलीज. बघायला झकास, पण स्कीवाल्यांचा घात बहुतेक वेळा स्लॅब करतो, म्हणून मैद्यावर आलो.

मैदा धरून राहिला, पण ३१ अंशालाच साखरेसकट सगळं सनमायकावरून खाली. वीक लेयरचा संबंधच नाही, जमीनच गुळगुळीत! म्हणून फळीवर जुनी सोलापुरी चादर ताणून ठोकली. आता उलटी तऱ्हा. साखर विणीत रुतून बसली, ४५ अंशांपर्यंत फळी उचलली तरी ढिम्म. टॉवेल लावून बघितला, तो तर चादरीच्या वरताण. त्यात पावसाळी हवेनं साखरेचे खडे झाले आणि मुंग्यांनी वास काढला. पंधरा दिवस यातच गेले. गल्लीतला मित्र येऊन म्हणाला, "काय बे, बेकरी टाकलास काय?"

सुटका झाली ती गुलमर्गचा पिट, म्हणजे थर बघायला बर्फात खणलेला खड्डा, आठवल्यावर. तिथल्या अफरवत डोंगरावर गाइडनं खणून दाखवलेले ते साखरेसारखे दाणे, मुठीत दाबले तरी गोळा होईना, ते जमिनीला टेकलेले नव्हतेच. त्यांच्याखाली जुना कडक थर होता. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ, खाली जमीन शून्याच्या आसपास, वर कडाक्याची थंडी. दर १० सेंटीमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की बाष्प वर सरकत राहतं आणि दाणे कोनदार, सुटे होतात. तेच फॅसेट्स. थर जितका पातळ तितका हा फरक तीव्र, म्हणून "यंदा बर्फ कमी, काळजी नाही" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

तर मला हवा होता तो मधला कडक थर. ज्वारीचं पीठ कालवलं, भाकरीसारखं चादरीवर थापलं, रात्रभर पंख्याखाली वाळवलं. त्यावर साखरेचा पातळ थर, वर चाळणीनं दोन सेंटीमीटर मैदा. मालदांडी ज्वारी शेवटी कामी आली, फक्त तळाला.

खरी मजा पुढं. मैद्याखाली एक खडा पुरला होता, तिथं मैदा जेमतेम अर्धा सेंटीमीटर. जाड भागावर पाच टिचक्या मारल्या, काही नाही. खड्याजवळ एकच मारली आणि भेग सुटली ती थेट जाड भागातून, मघाच्या पाच टिचक्यांच्या खुणा पोटात घेऊन. गुलमर्गला दुसऱ्यांचे ट्रॅक बघून "दोघं गेलेत की" म्हणणारा मीच होतो. डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन बघितलं होतं, पण ते आख्ख्या भागाचं असतं. पातळ जागा नेमकी कुठं आहे, हे त्यात कसं असणार?

कोनाबद्दल एक. ऑनलाइन मागवलेला चुंबकवाला डिजिटल मापक उलटा धरला की दोन अंश वेगळं दाखवतो. बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, तिथं २८ आणि ३० मधला फरक किरकोळ नाही. मोबाइलचं ॲपही कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळं चुकतं. शाळेतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला नट, यावर माझा जास्त भरवसा.

पुढचा बेत टेबल फॅन लावून विंड लोडिंगचा, म्हणजे वाऱ्यानं उतारावर बर्फ साचतो त्याचा, होता. पण 'दोरा' लिहिता लिहिताच सुचलं, पीएसटी, म्हणजे प्रोपगेशन सॉ टेस्ट! खऱ्या बर्फात ३० सेंटीमीटर रुंद आणि निदान एक मीटर लांब खांब मोकळा करून वीक लेयरमधून करवत ओढतात. निम्मी लांबी कापायच्या आत भेग आपसूक टोकापर्यंत पळाली, तर उताराचं लक्षण वाईट. मग साखरेतच आडवा सुती दोरा पुरायचा, दोन्ही बाजूंनी धरून खालून वर ओढत न्यायचा, आणि किती सेंटीमीटरला भेग सुटते ते मोजायचं. यंत्रमागाचं सूत इथं मागाल तेवढं मिळतं. फॅन नंतर.

अडचण एवढीच की दोरा जाड असेल तर तो मैदाच उचलेल. कुणी हे केलं असेल तर सुताचा नंबर कळवा. तोवर नवीन मैदा आणतो, घरातला डबा आईनं कुलपात ठेवलाय.